निवांत कोपऱ्याची वही

आर्डिस : खोकला सहा आठवडे टिकत नाही, जोलीन.

जोलीन : ब्रिटाचा टिकलाय.

आर्डिस : आज चर्चमध्ये तिने तिन्ही स्तोत्रे खणखणीत आवाजात म्हटली. मी समोरच गायनवृंदात उभी होते. ती एकदाही खोकली नाही. तू माझ्या नातीला माझ्या घरी येऊ देत नाहीस, आणि कारण म्हणून खोकला पुढे करतेस. चौदा वर्षे तू या घराची सून आहेस. खोटे बोलताना तू तीच ती बशी पुसत राहतेस. ठेव ती खाली.

जोलीन : ठेवली. आता तुम्ही ऐकून घेणार, की तीन मिनिटांचं घड्याळ लावणार?

आर्डिस : हा टोमणा शाळामंडळाच्या सभेचा आहे. तिथे पालकांना बोलायला तीनच मिनिटे मिळतात.

जोलीन : मग कशाचा असणार? गेल्या महिन्यात मी सगळ्या गावासमोर उभी राहिले. माझ्या सात वर्षांच्या मुलीला शाळेत कुठल्या खोलीत घालतात, एवढंच विचारलं. पाच सभासद समोर बसले होते. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यातली एक माझी सासू. तुम्ही तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, आई. कागदाकडे बघत होतात.

आर्डिस : पालकांच्या बोलण्याला सभासदांनी सभेत उत्तर द्यायचे नाही, असा नियम आहे.

जोलीन : तुम्हीच केलेला.

आर्डिस : मीच केलेला, आणि विचार करून केलेला. दोन शाळा एक झाल्या त्या वर्षी याच गावातील सभ्य माणसे एकमेकांच्या अंगावर खुर्च्या घेऊन धावली होती; ते तू पाहिले नाहीस. आणि मी स्वस्थ बसले, हे तुला कुणी सांगितले? दुसऱ्याच दिवशी मी शाळेच्या सुपरिंटेंडंट क्विगलींना बोलावून विचारले. मुलांना कोंडण्यासाठी शाळेत एकही कुलूप नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले.

जोलीन : बरोबरच सांगितलं. कुलूप नाहीच तिथे. बटण आहे.

आर्डिस : कसले बटण?

जोलीन : व्यायामशाळेच्या मागे, कुस्तीच्या गाद्या ठेवायचे ती खोली. गुरुवारी पालकभेटीला गेले तेव्हा बाथरूम शोधायच्या निमित्तानं तिकडे वळले. बाहेर दारावर ढगाचं चित्र काढलंय आणि लिहिलंय 'निवांत कोपरा'. दाराला आतून मूठ नाही. बाहेर भिंतीवर एक लाल बटण आहे. ते दाबून धरलं की दार चिकटतं, बोट काढलं की सुटतं. म्हणून कायद्यानं ते कुलूप नाही. क्विगली खोटं कधीच बोलत नाहीत, आई. खरं तेवढंच बोलतात, आणि थांबतात.

आर्डिस : ब्रिटाला त्या खोलीत ठेवले, हे तुला कुणी सांगितले?

जोलीन : कुणी नाही. ती बाथरूमचं दार लावत नाही. घरात कोट घालून बसते. रात्री तिच्या खोलीचं दार उघडं असलं तरी उठून उठून बघते. शेवटी कर्टनं ते दार बिजागऱ्यांतून काढून गॅरेजमध्ये उभं केलं. त्या रात्री झोपली.

आर्डिस : माझ्या मुलाने यातले एक अक्षर मला सांगितले नाही.

जोलीन : मी सांगू दिलं नाही.

आर्डिस : का?

जोलीन : तुम्हाला माहीत असणार, असं वाटलं म्हणून.

आर्डिस : जोलीन, बोलण्याआधी विचार कर.

जोलीन : सहा आठवडे तोच करतेय. आणि तिला मी अडवलेलं नाही. मी म्हणते, चल आजीकडे, तर ती पायातले मोजे काढून बसते, हलत नाही. वर्गातल्या मदतनीस लोरेनबाईंनी काहीतरी सांगितलंय तिला, तेवढंच एकदा तिच्या तोंडून निघालं. म्हणे, ही खोली तुझ्या आजीच्या मंडळानंच करून दिली, आजीलाच जाऊन सांग. आता ती सात वर्षांची पोर इथे येऊन तुम्हाला काय सांगणार?

आर्डिस : लोरेन गायनवृंदात माझ्या शेजारी उभी राहते. आज सकाळीही होती.

जोलीन : मीही बघत होते. तुम्ही दोघी एकाच पुस्तकात बघून गात होता.

आर्डिस : मंडळाने अशी कोणतीही खोली मंजूर केलेली नाही. केली असती, तर ते मला ठाऊक असते.

जोलीन : हे ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त. गावच्या ग्रंथालयात कुणालाही मिळतं. मी खूण केलीय.

आर्डिस : चष्मा दे. तो नव्हे, वाचायचा. 'मुद्दा सहावा. संमतीची यादी, चौदा बाबी. बाब नववी : खोली क्रमांक एकशे चौदा, दाराचे साहित्य व वापराचे धोरण. प्रस्ताव : टोलेफसन. अनुमोदन : ब्रेके. चर्चा : नाही. सर्वानुमते मंजूर.'

जोलीन : टोलेफसन म्हणजे तुम्हीच ना? का दुसरं कुणी आहे?

आर्डिस : कुजकट बोलणे तुला शोभत नाही.

जोलीन : चौदा बाबी एका दमात मंजूर. 'चर्चा : नाही.'

आर्डिस : ती यादी मी सुरू केली तेव्हा इथल्या सभा कशा चालत, ते तुला माहीत नाही. खडू कोणत्या दुकानातून आणावा यावर दोन दोन तास जात. ज्यांना पहाटे चारला गाईंचे दूध काढायचे, ती माणसे खुर्चीत पेंगत असत. मी ठरवले, रोजच्या किरकोळ बाबी एका यादीत घालाव्यात, एकदाच मत घ्यावे, आणि माणसांना घरी जाऊ द्यावे. शेजारच्या तीन गावांनी आपले पाहून तसेच केले.

जोलीन : आणि ती यादी वाचायची कुणी?

आर्डिस : यादी तयार करणे आणि तपासणे हे क्विगलींचे काम आहे.

जोलीन : मग तुमचं काय काम?

आर्डिस : प्रस्ताव मांडणे. वयाने ज्येष्ठ असेल त्या सभासदाने तो मांडायचा, असा इथला रिवाज आहे.

जोलीन : उद्याची यादी शुक्रवारी शाळेच्या दारावर लागली. तीही वाचा. अकरावी बाब.

आर्डिस : 'पहिल्या सत्रातील अंतर्गत नोंदवह्यांची विल्हेवाट.'

जोलीन : त्या खोलीची एक वही आहे. मूल आत कधी गेलं, बाहेर कधी आलं, का घातलं, सगळं तीत लिहितात. ब्रिटाला दाखवतेय त्या डॉक्टरीणबाई मला विचारतात, किती वेळा, किती वेळ? त्याशिवाय त्या पुढे काय करणार? ब्रिटा सांगत नाही. मी दोनदा लेखी मागितलं, दोन्ही वेळा उत्तर आलं, 'शोध चालू आहे.' आणि आता ही अकरावी बाब. उद्या संध्याकाळी तुम्ही प्रस्ताव मांडणार, अध्यक्ष हार्लन ब्रेके अनुमोदन देणार, आणि मंगळवारी वही कागद फाडायच्या यंत्रात. मग माझ्या मुलीचं काय झालं, ते या जन्मात कुणाला कळायचं नाही. उद्या मांडणार आहात ना, आई?

आर्डिस : तू माझ्यावर आरोप करीत आहेस.

जोलीन : मी विचारतेय. आणि उत्तर द्यायला इथे कुठला नियम आड येत नाही.

(दाराची घंटा. मंडळाचा अध्यक्ष हार्लन ब्रेके, साठीचा, हातात झाकलेला डबा.)

हार्लन : आहात ना घरी, मिसेस टोलेफसन? म्हटलं, चर्चमधून आलाच असाल.

आर्डिस : बूट बाहेर, हार्लन.

हार्लन : काढतोय, काढतोय. बायकोनं लिंबाच्या वड्या दिल्यात तुमच्यासाठी. अरे, जोलीनपण आहे. बरं झालं. म्हणजे, बरंच झालं.

आर्डिस : तुझी बायको लिंबाच्या वड्या दोनच प्रसंगी पाठवते. कुणी गेले म्हणजे, किंवा तुला काही हवे असले म्हणजे. आमच्याकडे सर्व जण जिवंत आहेत.

हार्लन : काय हे, बाई. सहज आलो. रविवार आहे.

जोलीन : बाहेर गाडीत कोण बसलंय? इंजिन चालू आहे.

हार्लन : ती होय? मर्ना आहे. आमच्या मंडळातली. सोडायचंय तिला घरी.

आर्डिस : या गारठ्यात तिला गाडीत बसवून ठेवलेस? आत बोलाव.

हार्लन : बोलावलं असतं हो. पण मग आपण तिघं होतो. पाचातले तीन एका खोलीत आले की ती झाली सभा. आणि सभा म्हटली की आदल्या दिवशी सूचना लावायला हवी. मी अध्यक्ष झालो तेव्हा तुम्हीच बजावलं होतंत.

आर्डिस : वाटेत तू तिच्याशी बोललास. आता माझ्याशी बोलणार. परत जाऊन माझे म्हणणे तिला सांगणार. ही सभाच आहे, हार्लन. मध्ये एक भिंत आहे, इतकेच. बोल, काय ठरले गाडीत?

हार्लन : ठरलं-बिरलं काही नाही. आता कसं आहे बघा, जोलीननं उद्यासाठी परत बोलायला नाव दिलंय. तिचं मन मी समजू शकतो, मलाही नातवंडं आहेत. पण दर महिन्याला तेच तेच बोलून उगाच कटुता वाढते. क्विगली म्हणतात, खोलीचं नाव बदलू. आतून रंग देऊ. निळा. मुलांना निळा आवडतो म्हणे. जोलीननं नाव मागं घ्यावं, उद्या यादी नेहमीसारखी व्हावी, आणि आठाच्या आत सगळे घरी. दुसरं काय?

जोलीन : निळा.

हार्लन : फिकट निळा.

आर्डिस : हार्लन, वही कुठे आहे?

हार्लन : कुठली वही?

आर्डिस : चौथीत असताना तू असेच 'कुठली' म्हणत असस, आणि ती तुझ्या स्वेटरखाली असे.

हार्लन : त्याला पन्नास वर्षं झाली, बाई.

आर्डिस : चेहरा तोच आहे. वही कुठे आहे?

हार्लन : क्विगलींच्या कपाटात.

जोलीन : मला लिहून दिलं, 'शोध चालू आहे.'

हार्लन : ते ऑफिसनं दिलं असेल. मला काय माहीत?

आर्डिस : तू ती पाहिलीस.

हार्लन : चाळली. ऑक्टोबरात. विम्याचा माणूस येणार होता, म्हणून क्विगलींनी दाखवली.

आर्डिस : तिच्यात ब्रिटाचे नाव आहे?

हार्लन : हे बघा, ती मुलांची खासगी बाब आहे. अशी कुणासमोर बोलता येत नाही.

जोलीन : 'कुणी' म्हणजे? मी तिची आई आहे.

हार्लन : त्याच पानांवर दुसऱ्यांचीही मुलं आहेत ना.

जोलीन : किती?

हार्लन : मी नाही म्हटलं तसं.

आर्डिस : किती मुले, हार्लन?

हार्लन : अकरा.

आर्डिस : दुसऱ्यांच्या मुलांची नावे मी विचारत नाही. ब्रिटाचे नाव किती वेळा आले आहे?

हार्लन : मिसेस टोलेफसन, अध्यक्ष म्हणून मला...

आर्डिस : माझ्या स्वयंपाकघरात तू अध्यक्ष नाहीस.

हार्लन : सतरा. ऑक्टोबरापर्यंत सतरा.

जोलीन : शाळा सुरू होऊन सात आठवडे झाले होते.

हार्लन : बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटंच. तेवढं काही...

आर्डिस : आणि सर्वांत जास्त?

हार्लन : एकदा जरा लांबलं. एक्केचाळीस.

आर्डिस : एक्केचाळीस मिनिटे ते बटण कोण दाबून उभे होते?

हार्लन : लोरेन. हात बदलून बदलून, म्हणाली. तिचंही खांद्याचं दुखणं आहे.

जोलीन : कारण काय लिहिलं होतं?

हार्लन : कधी काय, कधी काय. 'सूचना पाळत नाही.' 'जागेवरून उठते.'

जोलीन : त्या एक्केचाळीस मिनिटांचं.

हार्लन : 'गुणगुणणे थांबवत नाही.'

आर्डिस : पाणी पी, जोलीन. नाही, बस तिथेच, मी देते. हार्लन, ऑक्टोबर ते मार्च. पाच महिने तू दर रविवारी त्या मुलीला चर्चच्या दारात भेटलास, तिच्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि गप्प राहिलास.

हार्लन : मी काय बोलणार होतो? प्रस्ताव तुमचा होता.

आर्डिस : स्पष्ट बोल.

हार्लन : स्पष्टच बोलतोय. तुम्ही मांडलात म्हणून मी अनुमोदन दिलं. मी बियाण्याच्या दुकानात बसणारा माणूस, मला मुलांच्या धोरणातलं काय कळतं? म्हटलं, बाईंनी वाचलं असणार. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, स्वल्पविराम चुकला तरी कान धरणारी बाई, ती न वाचता काही पुढे करेल? मर्नालाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच. क्विगलींना कुणी विचारलं तर तेही हेच सांगतात, की खुद्द मिसेस टोलेफसननी मांडलं. आणि वहीत ब्रिटाचं नाव बघितलं तेव्हा तर माझी खात्रीच झाली. म्हटलं, बघा, स्वतःच्या सख्ख्या नातीलासुद्धा सूट नाही. खरं सांगू? मला तुमचा अभिमान वाटला.

आर्डिस : मी ते वाचले नव्हते.

हार्लन : म्हणजे, ती बाब राहून गेली असेल.

आर्डिस : कोणतीच बाब वाचली नव्हती. एकोणीस वर्षे मी ती यादी मांडते आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे शेवटपर्यंत वाचली असेन. पुढे शीर्षकेही वाचली नाहीत.

हार्लन : असं बोलू नका, बाई. जोलीन बसलीय इथे.

जोलीन : मला ऐकू आलंय.

हार्लन : मग वाचलं कुणी?

आर्डिस : कुणीच नाही. क्विगलींनी लिहिले, आणि आपण पाच जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून हात वर केले. यादीवर मत घेण्यापूर्वी अध्यक्षाने विचारायचे असते, 'कुणाला एखादी बाब वेगळी काढायची आहे का?' तू ते कधी विचारत नाहीस.

हार्लन : कुणी कधी काढतच नाही, म्हणून सोडून दिलं.

आर्डिस : उद्या विचार. विचारल्यावर मनात दहा आकडे मोज. मी अकरावी बाब वेगळी काढणार आहे. त्यानंतर ऑगस्टमधला ठराव फेरविचाराला घ्यावा असे सुचवणार आहे, आणि तो मी न वाचता मांडला होता, हेही सांगणार आहे.

हार्लन : सगळ्या गावासमोर? बाई, जरा विचार करा. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. तुमच्यासमोर या खेपेलाही कुणी उभं नाही.

आर्डिस : गेल्या पाच निवडणुकांत कुणी उभे राहिले नाही. म्हणूनच वाचायची गरज पडली नाही.

हार्लन : क्विगली ऐकणार नाहीत. मला फोन येतील. मर्नाला मी काय सांगू?

आर्डिस : मर्नाला सांग, फार गारठा आहे, घरी जा. आता हा कागद घे. पेन तिथे आहे. लिही.

हार्लन : काय लिहू?

आर्डिस : वही तू कधी पाहिलीस, कुणी दाखवली, ती कुठल्या कपाटात आहे. ब्रिटाचे नाव किती वेळा, सर्वांत जास्त किती मिनिटे, आणि त्याचे कारण. खाली तारीख आणि सही. दुसऱ्या मुलांची नावे नकोत.

हार्लन : लिहून कशाला पाहिजे? मी काय पळून चाललोय? तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

आर्डिस : नाही. तू वाईट मनुष्य नाहीस, हार्लन. पण तुझा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि त्यातून काय झाले ते तू आता स्वतःच्या तोंडाने सांगितलेस. लिही. ओळ सरळ ठेव.

हार्लन : 'गुणगुणणे' पण लिहायचं?

आर्डिस : तेही लिहायचे.

हार्लन : घ्या. झालं. वड्या राहू देत इथेच. येतो, मिसेस टोलेफसन. जोलीन, मी, म्हणजे, माझं काही...

जोलीन : दार ओढून घ्या जाताना. नाही, नको. राहू दे उघडं.

आर्डिस : तुझी गाडी निघेपर्यंत मी खिडकीत उभी आहे, हार्लन.

जोलीन : गेला?

आर्डिस : गाडीत बसून बोलतो आहे. हात हलवून हलवून.

जोलीन : कोपऱ्यावर वळायच्या आत क्विगलींना फोन करेल तो. उद्या सकाळपर्यंत कपाट रिकामं.

आर्डिस : करील. म्हणूनच त्याच्याकडून लिहून घेतले. उद्या सकाळी सात वाजता, शाळा उघडताना, मी त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. सभासदाला तेवढा अधिकार आहे.

जोलीन : हा कागद माझ्याकडे राहील.

आर्डिस : तुझ्याकडेच राहावा.

जोलीन : तुम्ही मागाल परत. 'जरा दे, एक शब्द बदलायचाय,' म्हणाल.

आर्डिस : मागितला, तर देऊ नकोस.

जोलीन : सतरा, आई. आणि हे फक्त ऑक्टोबरापर्यंतचं.

आर्डिस : मी आत्ता येऊ का तुझ्याबरोबर? ब्रिटाला भेटते. जे झाले ते तिला मीच सांगायला हवे.

जोलीन : आज नको.

आर्डिस : मी तिची आजी आहे.

जोलीन : म्हणूनच नको. उद्या काय होतं ते मला बघू दे. मग मी तिला विचारेन. ती हो म्हणाली तर या.

आर्डिस : ठीक आहे.

जोलीन : इथे माझ्यासमोर बोलणं वेगळं. उद्या ते टेबल असेल, समोर गाव असेल, क्विगली शेजारी बसून घसा खाकरतील. ऐन वेळी तुम्हाला एखादा नियम आठवेल.

आर्डिस : आठवू शकतो. मंडळावरची चोवीस वर्षांची सवय आहे.

जोलीन : मग मी काय करू?

आर्डिस : पहिल्या रांगेत बस. आणि माझ्यावरची नजर हलवू नकोस.